प्रार्थनेचा विषय

"आता उजागरे सर आपल्याला प्रार्थनेत चालवतील," पाळकसाहेब म्हणाले आणि ओहोळमावशींच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर दाटीवाटीने बसलेल्या वीस-बावीस जणांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. सुरुवात करण्याआधी सगळ्यांचे डोळे मिटलेत का, हे एकदा पाहून घ्यायची मला सवय होती. समोर भिंतीला टेकून याकोब हिवाळे बसला होता, त्याच्या शेजारी त्याची बायको शशिकला, आणि दाराजवळ मालनबाई साळवे. मालनबाई आली आहे, हे मी नीट बघून घेतलं. मगच घसा साफ केला.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी चोपन्न वर्षांचा होतो, मिशन कंपाउंडातल्या शाळेत मराठी शिकवत होतो आणि आमच्या चर्चच्या मंडळीचा चौदा वर्षं सेक्रेटरी होतो. आमच्या तालुक्याच्या गावात माझ्या प्रार्थनेचा दबदबा होता. बारसं असो, मयत असो, कुणाच्या नव्या मोटारसायकलीवर आशीर्वाद मागायचा असो, लोक म्हणत, उजागरे सरांना बोलवा, त्यांच्या प्रार्थनेत जोर आहे. जोर होताच. आधी स्तुती, मग पापांची कबुली, मग विनंत्या, असा माझा ठरलेला क्रम असे, आणि ज्याला जे सुनवायचं ते मी विनंत्यांमध्ये घालत असे. 'जे बंधू गायनाला उशिरा येतात त्यांना, हे प्रभो, वेळेचं भान दे,' असं एकदा म्हणालो, तर तबलजी पुढच्या रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी येऊन बसला. आमच्याकडे हे सगळेच थोडंफार करतात. मागच्या पाळकांच्या बाईसाहेब माझ्या प्रार्थनेला महिला मंडळाच्या प्रार्थनेतून उत्तर देत. पण माझ्याइतकं सफाईने कुणाला जमत नसे. त्यातली सोय अशी की मध्ये कुणी बोलू शकत नाही. डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्या माणसाला 'हे खोटं आहे' म्हणून अडवणार कोण? शेवटी सगळ्यांना 'आमेन' म्हणावंच लागतं.

ओहोळमावशींच्या घरची ती प्रार्थना गुरुवारची, आणि येत्या रविवारी दोन गोष्टी व्हायच्या होत्या. उपासनेनंतर कमिटीची निवडणूक होती आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर कुणीतरी उभं होतं. तरुण पोरांनी याकोब हिवाळेचं नाव दिलं होतं. हिवाळे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. नखांतलं काळं कधी निघालं नाही, चार वाक्यं सरळ बोलता यायची नाहीत, आणि हा म्हणे सेक्रेटरी होणार! मला ते कारल्यासारखं कडू लागलं होतं. दुसरी गोष्ट, त्याची मुलगी रूथ हिच्या लग्नाची सूचना त्या रविवारी तिसऱ्यांदा वाचायची होती. आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये दोघांची नावं वाचतात आणि कुणाची हरकत आहे का, असं भर उपासनेत विचारतात. तिसऱ्यांदा कुणी काही बोललं नाही की मार्ग मोकळा. नवरामुलगा श्रीरामपूरच्या पाटोळ्यांचा, प्रशांत, आणि दाराजवळ बसलेली मालनबाई त्याची सख्खी आत्या.

मी स्तुती केली, कबुली दिली आणि विनंत्यांवर आलो. आवाज खाली आणला.

"हे दयाळू बापा, आमचे बंधू याकोब यांच्या घरावर तुझी पाखर असू दे. त्यांच्या कन्येचं ते जुनं दुखणं, बापा, ज्या दुखण्यात ती शुद्ध हरपून भुईवर पडत असे, ते तू पुन्हा डोकं वर काढू देऊ नकोस. सासरी तिला तो त्रास होऊ नये. आणि घरचं एवढं ओझं असताना मंडळीचंही ओझं उचलायला निघालेल्या आमच्या बंधूला तू शहाणपण दे."

दाराजवळ बांगड्या वाजल्या. मी आणखी दोन वाक्यं पाऊसपाण्यासाठी घातली आणि संपवलं. 'आमेन' विस्कळीत आलं. हिवाळेही म्हणाला. एरवी त्याचा 'आमेन' सगळ्यांत मोठा असायचा. त्या दिवशी तो इतका हळू म्हणाला की त्याचे फक्त ओठ हललेले दिसले.

डोळे उघडल्याबरोबर मालनबाई शशिकलेकडे वळली. "कसलं दुखणं ओ? आमाला तर कुनी काईच बोललं न्हाई."

शशिकलेने पदर तोंडाला लावला. हिवाळे उठला, बायकोच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि चहा न घेता निघाला. ओहोळमावशी मागे धावली, "आवं याकोबभाऊ, शंकरपाळी तरी घ्या." तो थांबला नाही. मी शंकरपाळ्यांच्या दोन बशा खाल्ल्या. अजून आठवतं, त्या ताज्या होत्या आणि मला त्या आवडल्या.

हे दुखणं मला कसं ठाऊक, तेही सांगायला हवं, कारण सगळी घाण तिथेच आहे. त्याच्या दहा वर्षं आधी, रूथ चौदा वर्षांची असताना तिला फिट येऊ लागल्या. तेव्हा हिवाळे माझ्याच दारात आला होता. "सर, हा प्रार्थनेचा विषय हाये, पण तुमच्या-माझ्यात आन् देवात राहू द्या," म्हणाला होता. मी त्याच्या घरी गेलो, त्या पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि प्रार्थना केली. त्या दिवशी मी कुणाला काही सुनवत नव्हतो. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. पुढे डॉक्टरांच्या औषधाने फिट हळूहळू कमी झाल्या आणि सोळाव्या वर्षानंतर तिला एकही आली नाही. ती नर्सिंग शिकली, नोकरीला लागली. आणि मी मनातल्या मनात तिच्या बरं होण्यात माझा वाटा धरून बसलो होतो. म्हणजे हिवाळेवर माझे उपकार होते, आणि तोच माझ्या खुर्चीवर डोळा ठेवून होता, असा माझा हिशेब.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला हिवाळे आमच्याकडे आला. वर्कशॉपच्याच कपड्यांत होता. माझी बायको वत्सला आतल्या खोलीच्या दारात गहू निवडत बसली होती.

"या, याकोबराव. बसा."

"बसत नाही सर." तो चपला काढून उंबऱ्याच्या आत उभा राहिला. "पाटोळ्यांचा फोन आला होता. उद्या सगळे येणार हायेत, चर्चला. म्हणतात, आमच्यापासून लपवून ठेवलं."

"ठेवलं होतं का?" मी विचारलं. त्याला असं विचारायला माझी जीभ कशी वळली, याचं आज मला आश्चर्य वाटतं. त्या दिवशी वाटलं नाही.

"मी बोललो नव्हतो, हे खरं हाये," तो म्हणाला. "बाप हाये मी. आठ वर्षं झाली, पोरगी धडधाकट हाये. कोणत्या तोंडानं बोलणार?" त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. "हे घ्या. मी नाव मागं घेतलंय. उद्या तुम्ही वाचून दाखवा. तेवढं पाटोळ्यांना सांगा, की आठ वर्षांत तिला एकदासुद्धा फिट आलेली नाही. तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक हाये. तुमच्यासारखा माणूस बोलला तर ऐकतील ते."

मी कागद उघडून वाचला. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. समोर एक बाप मुलीच्या लग्नासाठी हात जोडून उभा होता आणि मला वेलांट्या दिसत होत्या. छातीत गार वाटलं. जिंकलो होतो. जिंकल्यावर माणसाला मोठेपणा सुचतो, तसा मला सुचला.

"काळजी करू नका," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो. "सगळं देवाच्या हातात आहे. या, आपण प्रार्थना करू."

त्याने माझा हात खांद्यावरून काढला. झटकला नाही, धरून बाजूला केला.

"नको सर," तो म्हणाला. "प्रार्थना नको. तुमच्या तोंडून माझ्या लेकीचं नाव देवापुढं पुन्हा नको."

चपला घालून तो गेला. मी वळलो तेव्हा वत्सला सूप मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होती.

संध्याकाळी सातला आमची कुटुंब-प्रार्थना असे. दोघंच आम्ही. वचन वाचून झालं, मी डोळे मिटले आणि नेहमीसारखा सुरू झालो. उद्याच्या उपासनेसाठी, निवडणुकीसाठी, हिवाळेच्या घरासाठी, अगदी कळवळून. समोरून हुंकार येईना, म्हणून मध्येच डोळे किलकिले केले. वत्सला डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत बसली होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"तुम्ही कुणाशी बोलता हो?"

"म्हणजे?"

"तीस वर्षं मी समोर बसून ऐकतेय. आज विचारते. हे सगळं तुम्ही कुणाला सांगता?"

"देवाला सांगतोय. दुसऱ्या कुणाला?"

"रूथचं दुखणं देवाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "मालनबाईला ठाऊक नव्हतं."

ती उठून स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तिने ताट वाढलं. पहिला घास तोंडात घातला आणि तो गिळवेना. माझ्याच तोंडाची मला किळस आली. याच तोंडाने मी त्या पोरीला देवापुढे नेलं होतं आणि याच तोंडाने तिला बाजारात मांडलं होतं, तेही देवाचं नाव घेऊन, तेही शंकरपाळ्या खाण्याआधी. मी न्हाणीत गेलो आणि घास थुंकला. चूळ भरली. मग ब्रशवर पेस्ट घेऊन दात घासत बसलो, संध्याकाळी साडेसात वाजता, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत. त्याने काय होणार होतं! ओकारी येत होती आणि बाहेर काहीच पडत नव्हतं.

आता यापुढचं सांगायला मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. किळस आली हे खरं, पण त्या किळसेचंही मी काय केलं? टेबलाशी बसलो आणि उद्याच्या कबुलीजबाबाचं भाषण लिहिलं. पाठकोऱ्या कागदावर कच्चं, मग पक्कं. कुठे थांबायचं तिथे रेघ मारली. शेवटच्या परिच्छेदात आवाज कापरा करायचा ठरवला. मी कबूल करीन, मंडळी हेलावेल, पाटोळे विरघळतील, लग्न होईल, हिवाळे मला मिठी मारील, आणि एवढा मोठा माणूस किती नम्र झाला, हे लोक वर्षानुवर्षं सांगतील. देवाने करायचं असं त्यात मी काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

रविवारी चर्च भरलं होतं. पाटोळे मंडळी सात-आठ जण, पुढून तिसऱ्या बाकावर. प्रशांत आई-वडिलांच्या मध्ये बसला होता, इस्त्रीचा शर्ट, खाली मान. बायकांच्या बाजूला रूथ आईशेजारी होती. दोन गीतं झाली आणि पाळकसाहेब म्हणाले, "उजागरे सर प्रार्थनेत चालवतील." आमचे हे पाळकसाहेब वयाने लहान होते, नुकतेच आलेले. गुरुवारपासून काय शिजतंय हे त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे.

मी पुढे गेलो. वळून बघितलं तर सगळ्यांनी डोळे मिटलेले. हिवाळेनेही मिटले होते.

"डोळे उघडा," मी म्हणालो.

कुणी उघडले, कुणी नाही. मी पुन्हा म्हणालो, "डोळे उघडा. मी देवाशी बोलणार नाही. तुमच्याशी बोलणार आहे."

खिशातून कागद काढला आणि पहिली दोन वाक्यं वाचली. तिसरं वाक्य फार सुंदर जमलं होतं. ते बघितलं आणि वाचणं थांबवलं. कागद खिशात कोंबला.

"याकोब हिवाळ्यांनी दहा वर्षांपूर्वी त्यांच्या घरातली एक गोष्ट मला विश्वासाने सांगितली होती," मी म्हणालो. "गुरुवारी ती मी प्रार्थनेत बोललो. मालनबाईंना ऐकू जावी म्हणून बोललो. मला निवडणूक जिंकायची होती. ती प्रार्थना नव्हती. ते पाप होतं. रूथला आठ वर्षांत एकही फिट आलेली नाही, हे मला माहीत होतं आणि ते मी मुद्दाम बोललो नाही. मी सेक्रेटरीपदासाठी उभा नाही."

कुणी हेलावलं नाही. मागे एक मूल पाण्यासाठी कुरकुरत होतं. ओहोळमावशी तेवढी कपाळावर हात मारून घेताना दिसली. आणि तिसऱ्या बाकावरून प्रशांतचे वडील उभे राहिले.

"म्हणजे दुखणं खरं आहे तर," ते म्हणाले. "चिडून फोन केला, तरी रात्रीपर्यंत आम्हाला वाटत होतं, बायकांची कुजबुजही असेल. आता सेक्रेटरींनीच भर चर्चमध्ये सांगितलं."

रात्री भाषण लिहिताना माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. मी काय केलं तेवढंच मी बघितलं होतं. माझ्या कबुलीने त्या पोरीचं दुखणं पक्कं झालं होतं.

"अहो, पण आठ वर्षांत..." मी सुरुवात केली.

"तुम्ही बसा सर," पाटोळे म्हणाले. "मोठ्या डॉक्टरचा दाखला आणा, पुढं कधीही फिट येणार नाही असा. मग लग्नाचं बघू."

पाळकसाहेबांना घाम फुटला होता. "आपण हे उपासनेनंतर माझ्या घरी बसून बोलू. आजची सूचना तूर्त..."

"पाळकसाहेब, सूचना वाचा."

रूथ उभी राहिली होती. शशिकला तिची ओढणी धरून खाली ओढत होती. ती बसली नाही.

"बाई, आज राहू दे," पाळकसाहेब म्हणाले.

"दोनदा वाचलीय. तिसऱ्यांदा वाचा."

त्यांनी वाचली. पाटोळे कुटुंबातला प्रशांत आणि हिवाळे कुटुंबातली रूथ यांचा विवाह योजला आहे, या विवाहास कोणाची हरकत असल्यास त्यांनी आता सांगावी.

"माझी आहे," रूथ म्हणाली.

सगळं चर्च तिच्याकडे वळलं. ती मात्र फक्त प्रशांतकडे बघत होती.

"पहिल्यांदा भेटलो त्याच दिवशी मी तुम्हाला सगळं सांगितलं होतं. फिट कधी आल्या, गोळ्या किती वर्षं घेतल्या, कधी बंद झाल्या. तुम्ही म्हणालात, त्यात काय एवढं. आणि काल फोनवर तुमचे वडील माझ्या वडिलांना फसवणारे म्हणाले, तेव्हा तुम्ही तिथंच बसला होतात. मागून तुमचा आवाज येत होता." तिने ओढणी आईच्या हातातून सोडवून घेतली. "आताही बसलाच आहात. उठा ना. सांगा त्यांना."

प्रशांतने मान वर केली नाही. त्याच्या आईने त्याच्या गुडघ्यावर हात दाबून ठेवला होता.

"फिटची मला लाज वाटत नाही," रूथ म्हणाली. "हरकत माझी आहे, पाळकसाहेब. लिहून घ्या."

ती बसली. शशिकला मोठ्याने रडू लागली. हिवाळे पुरुषांच्या बाजूने उठला, मधल्या वाटेने चालत बायकांच्या बाकाशी गेला आणि लेकीच्या शेजारी बसला. आमच्या चर्चमध्ये असं कुणी बसत नाही. त्या दिवशी कुणी काही म्हणालं नाही.

निवडणूक झाली. हिवाळेचा कागद मी त्याला परत दिला, तर त्याने तो हातातही घेतला नाही. शेवटी पोस्टातल्या गोरख घुलेला सेक्रेटरी केलं, कारण तो नको म्हणाला नाही. घुले सूचना वाचताना अडखळायचा, अहवाल दीड पानाचा लिहायचा. मला वाटलं होतं, मी नसलो तर सहा महिन्यांत मंडळीचा बोजवारा उडेल. काही उडालं नाही. उलट चर्चमागचं तुंबलेलं गटार, ज्यासाठी मी चौदा वर्षं प्रार्थना करत होतो, ते घुलेने नगरपालिकेत जाऊन दोन दिवसांत साफ करून घेतलं.

त्याच रविवारी चारच्या सुमाराला मी हिवाळेच्या घरी गेलो. वत्सला येते म्हणाली होती, मी नको म्हणालो. दार रूथने उघडलं. आतून भांड्यांचा आवाज येत होता. हिवाळे आत असावा, पण बाहेर आला नाही.

"काय सर?"

"माफी मागायला आलोय."

"आजच?" ती म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा दारात उभं राहून मला शब्द सुचले नाहीत.

"सकाळी बोलायच्या आधी तुम्ही मला विचारलं होतं का, सर?" तिचा आवाज चढला नव्हता. वॉर्डात पेशंटशी बोलावं तसा होता. "गुरुवारी विचारलं नाही. आजही विचारलं नाही. दोन्ही वेळा दुखणं माझं आणि पुढं उभे तुम्ही. आज तुम्हाला हलकं वाटलं असेल. माझं काय झालं ते बघितलंत ना?"

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मला वाटलं होतं, मी सांगितलं की सगळं ठीक होईल."

"तुम्हाला नेहमी तसंच वाटतं." तिने दाराच्या कडीवर हात ठेवला. "लहानपणी तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली होती. मला आठवतं. तेव्हा खरंच बरं वाटलं होतं. म्हणून खोटं बोलत नाही. मी माफ केलेलं नाही. माफ करावं लागणार, ते मलाही ठाऊक आहे. होईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगेन. तुम्ही विचारायला येऊ नका."

"कधी?" मी विचारलं. एवढं सगळं होऊनही विचारलं.

तिने दार लावून घेतलं.

हिवाळे तीन वर्षांनी माझ्याशी बोलला. एका रविवारी प्रभुभोजनाची भाकर घ्यायला जायच्या आधी बाकावरून उठून माझ्याकडे आला, काळ्या नखांचा हात पुढे केला, 'सर, चला' म्हणाला आणि आम्ही दोघं पुढे जाऊन शेजारी शेजारी गुडघे टेकले. आता तो नाही. शेवटी शेवटी तर तो मला रागे भरायचा, असे काय मुक्यासारखे बसता म्हणून. कारण चारचौघांत मी पुन्हा प्रार्थना केली नाही. नवे पाळक येतात, कुणीतरी त्यांना माझी ख्याती सांगतं, ते मला बोलावतात. मी म्हणतो, दुसऱ्या कुणाला सांगा.

घरी करतो. पहिली दोन वर्षं मी रूथसाठी प्रार्थना करायचो म्हणजे काय करायचो, तर तिचं मन वळव म्हणून देवाच्या मागे लागायचो. नाताळपर्यंत, ईस्टरपर्यंत, अशा मुदती घालायचो. एका पहाटे तसंच चाललं होतं आणि माझाच आवाज माझ्या कानावर पडला. गुरुवारचाच आवाज होता तो, तसाच खाली आणलेला. शिसारी आली आणि मी बोलायचा थांबलो. आता फक्त तिचं नाव घेतो आणि गप्प बसतो. नाव घेऊन गप्प बसणं फार जड जातं. वत्सला समोर असते. ती डोळे मिटते.

रूथ नगरला एका दवाखान्यात मोठी सिस्टर आहे. लग्न केलं तिने, उशिरा, स्वतः बघून. नवरा, मुलगी, सगळे नाताळला आईकडे येतात. या नाताळला उपासना संपल्यावर चर्चच्या पटांगणात ती माझ्या दिशेने येताना दिसली. एकटीच येत होती. मी काठी टेकून बाकावरून उठलो.

"सलाम सर," ती म्हणाली.

"सलाम, बाई."

"तब्येत कशी आहे?"

"बरी आहे."

"बीपीच्या गोळ्या वेळेवर घेता ना?"

"घेतो."

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग तिच्या मुलीने लांबून हाक मारली आणि ती वळून गेली.

मी विचारलं नाही.